टाकलेल्या सामानाचं घर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते साठतात. आमच्या दुकानामागचा ढीग जसा साठला, तसेच. कुणी काही आणून टाकतं, आपण म्हणतो, उद्या पाहू. एक दिवस लक्षात येतं की आपल्याला बसायलाच जागा उरली नाही. माझं तसं झालंय. पाठ धरली, गुडघे वाजायला लागले, छातीत चाळीस गावांची धूळ बसली, आणि डोक्यात हा ढीग. थोडा हलका करतो, एवढंच.

पन्नास सालानंतरचे ते दिवस. मंगरूळपीरला मोटार स्टँडच्या मागे माझं जुन्या सामानाचं दुकान होतं. लोक टाकायचे, आम्ही उचलायचो. 'आम्ही' म्हणजे तिघं. मी, गफूरभाई आणि कोंडाबाई. गफूरभाई फुटक्या भांड्यांना डाग द्यायचे, कल्हई करायचे, तुटलेलं जोडायचे. कोंडाबाई डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरायची आणि जुनं-पानं गोळा करून आणायची. मी गिऱ्हाईक पाहायचो.

माझी शाळाही त्याच ढिगात झाली. रद्दीत फाटकी क्रमिक पुस्तकं यायची, ती वाचत वाचत मी अक्षरं लावायला शिकलो. इतिहासाच्या पुस्तकाची शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली होती. त्यामुळे पानिपतावर आपलं सैन्य पोचलं इथपर्यंत मला पाठ होतं. आपण जिंकलो असणार, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो!

*

कोंडाबाईचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट लागेल.

ती केनवडची. नवरा गेला आणि धाकट्या दिरानं, सुदामनं, तिला घराबाहेर काढलं. तिची पोरगी सुमी मात्र ठेवून घेतली. घरात लहान लेकरं होती, त्यांना सांभाळायला फुकटचे हात कोण सोडतो? कोंडाबाईनं गावाच्या पारावर चार लोक जमवले आणि पोरगी मागितली. सुदाम मोठा समजूतदार चेहरा करून म्हणाला, "उघड्यावर न्यायची काय लेकरू? चार भिंती, वर छप्पर आन् दार असलेलं घर दाखव. त्याच दिवशी पोरगी ने."

चार लोकांना ते पटलं. सुदामला वाटलं, मिटलं. टोपलीवालीचं घर कुठून होणार?

मी माझ्या गोदामाला लागून असलेला एक कोपरा तिला दिला. तिथं पावसाचं पाणी तुंबायचं आणि गोदामाची भिंत खचायची. कोणी राहिलं की भिंतही राहील, हा माझा हिशेब. पण दिला. कापसाच्या जिनिंगच्या पडक्या भिंतीच्या अर्ध्यामुर्ध्या विटा तिनं टोपलीटोपलीनं आणल्या. रोज गावं फिरून आल्यावर चिखल तुडवायची आणि एखादी ओळ रचायची. मी म्हणायचो, बाई, जरा बैस. ती म्हणायची, "बसन ना, शेठजी. भिंत झाली का टेकूनच बसन."

*

आमच्या धंद्यात एक नेम असतो. ज्या गावची वस्तू, त्या गावात विकायची नाही. केनवडचं जऊळक्याला, जऊळक्याचं मंगरूळला. नाहीतर आपण टाकलेला कंदील शेजाऱ्याच्या घरी जळताना दिसला की माणसाला झोप लागत नाही.

केनवडच्या एका पाटलानं भिंतीवरचं घड्याळ टाकून दिलं. बंद घड्याळ घरात नको म्हणे. गफूरभाईंनी उघडलं तर चाकात पाल वाळून बसलेली. ती काढली, तेल दिलं, घड्याळ सुरू. नेमाप्रमाणे ते जऊळक्याच्या एका शेतकऱ्याला विकलं. आता त्याची पोरगी त्याच पाटलाच्या घरी सून म्हणून जाणार, हे आम्हाला कोण सांगणार? घड्याळ आंदणात वाजतगाजत परत केनवडला!

पुढे पाटील बाजारात भेटले. पाटलांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "तुमी काय जुनं भंगार इकता हो? व्याह्यानं घड्याळ देल्लं, पाहा जरा येऊन. तसंच एक होतं आमच्याकडं, पन ते नकली होतं."

*

कोणी गेलं की त्याची खाट घराबाहेर काढून ठेवायची, ही आपल्याकडची रीत. ती पावसात कुजते, पण हात कोणी लावत नाही. कोंडाबाई लावायची. अशी एक सागाची खाट तिनं आणली. गफूरभाईंनी नवी सुतळी विणली. खाट अशी झाली की मलाच आडवं व्हावंसं वाटलं.

एक गिऱ्हाईक आलं. दाबून पाहिलं, बसून पाहिलं, आणि मग विचारलं, "यावर कोनी मेलं तर नाही ना?"

गफूरभाईंना खोटं बोलायचा कंटाळा. म्हणाले, "नही भाऊ. मेला तो दवाखान्यात. इसपे तो सिर्फ बिमार था."

गिऱ्हाईक उठलं ते स्टँडवरच जाऊन थांबलं. मी गफूरभाईंवर चिडलो. चिडायचीही ताकद लागते, म्हणून लवकरच गप्प बसलो. ती खाट मग पडूनच राहिली. शेवटी कोंडाबाईनं मागितली. मी विचारलं, तुला नाही का भीती वाटत? ती सुतळी ओढून पाहत म्हणाली, "मेलेले लोक मले कायी करत नाहीत, शेठजी. जे केलं ते जित्यायनंच केलं."

*

दिवाळीची साफसफाई झाली की आमच्याकडे माल यायचा, आणि त्या मागोमाग माल टाकणारे यायचे. बायकोनं टाकलेलं नवऱ्याला हवं असायचं, सुनेनं टाकलेलं सासूला. दिवसभर ढीग उपसून दाखवायचा. त्याचं मोल कोणी देत नाही.

एक गृहस्थ असेच आले. वडलांची काठी हरवली म्हणाले. वडील जाऊन वर्ष झालेलं. बायको मागे उभी, पदर तोंडाला. आमच्याकडे काठ्यांचा भाराच होता, सगळ्या सारख्या, काळ्या पडलेल्या. त्यांना ओळखू येईना. मग त्यांनी काय करावं? एकेक काठी घेऊन फरशीवर आपटायला लागले. टक. नाही. टक. नाही. मी भिंतीला टेकून डोळे मिटले. अखेर एका काठीचा आवाज झाला आणि ते थबकले.

"हीच. हा आवाज आला का आमी सारे घरात गप बसत होतो."

बायको मागून हळूच म्हणाली, "म्हनूनच तं टाकली होती."

*

कोंडाबाईच्या भिंती उभ्या राहिल्या. छपराला पत्रे कुठून आणायचे? रॉकेलचे डबे कापून सपाट केले, ते पुरेनात. दर्ग्याच्या उरुसाला तंबूतला सिनेमा यायचा. उरूस संपला की तंबूवाले मोडकं सामान टाकून जायचे. त्या वर्षी जाहिरातीचा एक भलामोठा पत्रा टाकून गेले. त्यावर रंगवलेली नटी, गालावर हात ठेवून बसलेली. गफूरभाईंनी रंगाची बाजू आतून घेऊन तो ठोकला, म्हणजे उन्हापावसानं पोपडे निघणार नाहीत.

चार दिवसांनी कोंडाबाईची तक्रार आली. "शेठजी, ते बाई माह्याकडंच पाहून राह्यली. झोपू देत नाही."

मी म्हटलं, मग पत्रा उलटा करू. तोंड आभाळाकडे होईल तिचं.

कोंडाबाईनं वर पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाली, "राहू द्या. उलटा केला तं तिच्या अंगावर पानी पडन."

*

खिडकी जऊळक्याच्या स्टेशनातून आली. आगगाडीच्या जुन्या डब्याची लाकडी झडप फलाटामागे पडली होती. हमाल ती चुलीत घालणार होता. मी मास्तरांना विचारलं, नेऊ का? मास्तर म्हणाले, "न्या. फक्त पुन्हा रेल्वेलाच विकायला आणू नका." माणसाला आमचा धंदा बरोबर कळला होता!

झडप बसवली. तिच्यावर रंगानं लिहिलेलं होतं, 'बाहेर डोके काढू नये.' कोंडाबाईला अक्षर येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. तेव्हा घर होतंय म्हणून आळीतल्या बायका जाता-येता झडपेतून आत पाहायच्या. विधवेचं घर, त्यात काय काय आलं, कोण आलं.

कोंडाबाई त्या अक्षरांकडे पाहत म्हणाली, "आन् आत डोकं घालनाऱ्यायसाठी कायी नाही लिवलं का?"

*

आता राहिलं दार.

दाराच्या जागी तिनं तुराट्यांची ताटी लावली होती. केनवडला निरोप धाडला, घर झालं. उलट निरोप आला, ताटी म्हणजे दार नव्हे. "ताटी तर ढोरायच्या गोठ्यालेही असते." त्या दिवशी मी पहिल्यांदा कोंडाबाईला टोपली न उचलता बसलेलं पाहिलं. दारं कोणी टाकत नाही हो. माणूस घर सोडतो तेव्हासुद्धा दार काढून बरोबर नेतो.

पुढच्या बाजाराला गफूरभाई बैलगाडी घेऊन केनवडला गेले आणि संध्याकाळी चक्क एक दार घेऊन आले. एकपाखी, जुनं, पण लाकूड भक्कम. कोणा घरी नवं सागवानी दार बसवलं होतं, जुनं गोठ्यामागे पडून होतं. घरातली बाई म्हणाली, अडचण झाली, घेऊन जा. कोणाचं घर ते गफूरभाईंना माहीत नव्हतं.

कोंडाबाईनं ते पाहिलं. खालच्या फळीवरून हात फिरवला. मग मला एवढंच म्हणाली, "हे आमच्याच घरचं हाय, शेठजी. सुदाम भाऊजीचं."

मी म्हटलं, नको असेल तर दुसरं पाहू. ती म्हणाली, "काहून? दारानं काय केलं?"

दार चौकटीसकट बसवलं. कोण्या मोटारीचा उरलेला निळा रंग दिला. पण ते खाली टेकायचं, उघडता उघडायचं नाही. गफूरभाई रंधा घेऊन बसले, खालची कड तासून देतो म्हणाले. कोंडाबाईनं तासू दिलं नाही. "ते असंच हाय. असंच राहू दे."

गफूरभाई वैतागले. माझ्याकडून तर ते एकदाही उघडलं नाही. धक्के मारून खांदा दुखला तेवढा. तिच्या हाताला मात्र बरोबर उघडायचं.

पुन्हा निरोप गेला. या वेळी सुदामला यावंच लागलं, कारण पारावरचे एक म्हातारे बाबा त्याला बरोबर घेऊनच निघाले. सुमीलाही आणलं होतं. परकर-पोलक्यातली, बारकी, कडेवर लेकरं वागवून एका बाजूला कलून चालणारी.

मी कोंडाबाईला म्हणालो, बाहेर ये, पाहुणे आले. ती आतूनच म्हणाली, "घर पाह्याले आले ना ते? मंग मी घरातच दिसली पाह्यजे." आणि दार लोटून घेतलं.

सुदामनं घराला फेरी घातली. भिंतीवर बोटांनी ठोकून पाहिलं. पत्रे पाहिले. झडपेवरचं वाचलं. बोलण्यासारखं काही सापडेना. दाराशी आला. निळ्या रंगाकडे पाहून नाक मुरडलं. मी यजमान म्हणून पुढे झालो आणि दार ढकललं. ते हललं नाही. बाबांनी ढकललं. नाही.

सुदामच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "पाहा बाबा. दार उघडत नाही आन् म्हने घर."

एवढ्यात सुमी आमच्या मधून पुढे आली. तिनं कडी धरली, दार जरा वर उचललं, आणि कमरेचा एक हलका धक्का दिला. दार उघडलं. ती आत गेली. दार लागलं. आतून अडसर सरकल्याचा आवाज आला.

बाबा म्हणाले, "हाये बाप्पा दार. चांगलं हाये."

सुदामचं हसू तोंडावरच राहिलं होतं. तो दाराकडे पाहत राहिला. वरून खालपर्यंत. मग पुढे झाला, कडी धरली, दार वर उचललं आणि कमरेनं ढकललं. दार उघडलं नाही. पुन्हा ढकललं. शेवटी त्यानं कडी वाजवली.

आतून कोंडाबाईचा आवाज आला, सावकाश, "कोन हाये?"