मेश्राम काकांच्या तलावावर मारलेला वॉश

मेश्राम काकांचं चित्र टेबलावर होतं, ब्रश माझ्या हातात, आणि आमच्या हॉबी सेंटरचे मालक भैयाजी डोक्यावर उभे.

"दीदी, कल सुबह एक्झिबिशन है. ये वाला ऐसा ही टांगेंगे?"

चित्र होतं आमच्या रायपूरच्या तेलीबांधा तलावाचं. झाडं, पायऱ्या ठीक होत्या. पाणी मात्र तुटक तुटक, निळ्या फराट्यांमधून कोरा कागद दिसत होता.

"अधूरा लग रहा है. थोडा फिनिशिंग मार दीजिए."

बाहेरच्यांना नवल वाटेल, पण ड्रॉइंग क्लासमध्ये हे सर्रास चालतं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी टीचर सगळ्यांच्या चित्रांवरून 'हात फिरवते'. आयांना कळतं, पोट्ट्यांना कळतं, कोणी बोलत नाही. मीही वर्षानुवर्षं तेच करत आले होते.

मेश्राम काका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. मूळचे भंडाऱ्याकडचे, राहायला भनपुरीला. त्यांचा उजवा हात थरथरायचा. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, मले एकच चित्र शिकवा. पोरीनं नवा रायपुरात फ्लॅट घेतला. तिच्या हॉलमंदी माह्या हातचं काहीतरी लागलं पाहिजे. हात अजून बिघडायच्या आत."

"एकच काहून? दहा शिकवते," मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात.

नवशिक्यांना मी आधी वॉश शिकवते. वॉश म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा सपाट थर. बोर्ड जरासा तिरपा ठेवायचा, ब्रश भरून घ्यायचा आणि एका दमात डावीकडून उजवीकडे न्यायचा. काकांचा हात मध्येच थरथरायचा आणि रंगाला डाग पडायचे. वैतागून म्हणायचे, "हा हातच दगाबाज आहे मॅडम." चार रविवार हेच चाललं. मलाही वाटायला लागलं, यांचं काही होत नाही.

मग एकदा ड्राय ब्रश दाखवला. त्यात ब्रशमध्ये पाणी अगदी कमी ठेवायचं, खरखरीत कागद घ्यायचा आणि ब्रश आडवा ओढायचा. कागदाच्या बारीक खळग्यांत रंग पोचत नाही, तिथे पांढरं राहतं. तेच पाण्यावरचं ऊन. वॉटरकलरमध्ये पांढरा रंग लावत नाहीत, कागदच राखून ठेवतात. एकदा झाकला की गेला.

मी ओढलं ते नीटनेटकं आलं, शाळेतल्या फळ्यासारखं. काकांनी ओढलं आणि त्या थरथरीनं पाणी चक्क हललं! असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

"अरे वा काका! हे कसं केलं?"

"मी कुठं काही केलं? हात हलला, तर पाणीबी हललं." मग कागद माझ्याकडे सरकवून, "चांगलं आलं का?"

"हव, एकदम मस्त!"

त्या दिवशी ते खूप खूश होऊन घरी गेले. पुढे तलावाच्या चित्रातलं पाणीही त्यांनी असंच ड्राय ब्रशनं काढलं.

आणि हे सगळं ठाऊक असूनही मी भैयाजींसमोर होकाराची मान हलवली. माझ्या क्लासचं नाव जाईल, एवढंच डोक्यात. मोठा ब्रश घेतला, निळा रंग कालवला आणि तलावावर एक सपाट वॉश मारला. दोन मिनिटं लागली. पाणी गुळगुळीत झालं.

"अब बना ना चित्र!" भैयाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून मुलीला घेऊन आले. प्रज्ञा तिचं नाव. मराठी कळते तिला, बोलते हिंदीत. चित्रासमोर दोघं बराच वेळ उभी राहिली.

"पापा, ये आपने बनाया?"

काका पाण्याकडे बघत होते. "झाडं माही आहेत. पायऱ्याबी. पाणी नाही."

"पानी ही तो देखने आई थी. आपने फोन पे बताया था ना, मेरा हाथ हिला तो तालाब हिल गया."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. चित्र उतरवून मी आत नेलं. ओल्या ब्रशनं रंग उचलायला लागले, वरून टिश्यू दाबला. निळा फिका झाला, पांढरं काही परत येईना. मी घासत राहिले, तर कागदाची लव निघाली.

"राहू द्या मॅडम," काका मागून म्हणाले. "काहून घासून राहिल्या? दुसरं काढू."

एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर काका तीन रविवार क्लासला आले. थरथर फार वाढली होती, ब्रश हातातून पडायचा. चौथ्या रविवारी आले नाहीत. मी फोन केला, तो प्रज्ञानं उचलला. "अब शर्ट के बटन भी मैं लगाती हूं, मॅडम." चित्र घेऊन जा म्हटलं, तर मागून काकांचा आवाज आला, "ते आता मॅडमचंच आहे."

आता दुसऱ्याच्या कागदावर मी ब्रश टेकवत नाही. उलट्या, लाकडी टोकानं हवेत दाखवते. प्रदर्शनात चित्रं कच्ची दिसतात, भैयाजी कुरकुरतात. करू देत.

ते चित्र क्लासच्या भिंतीवर लावलंय. नवीन येणारे विचारतात, "कुणी काढलं?" मी सांगते, मेश्राम काकांनी. पाणी मी बिघडवलं.