नरड्याचा ब्रेक

आमच्या भाऊजींइतका उताराला भिणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नसेल, आणि गंमत अशी की त्यांचं पोट चालायचं ते घाट उतरण्यावर. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं, त्या काळात ते चिखलीच्या एका सेठचा डिझेल ट्रक चालवीत. ट्रकला मागे ट्रेलर जोडलेला, दोन्हींवर रुईच्या गाठी रचलेल्या, आणि हे सगळं ओझं पठारावरून घाटानं खाली आणून मलकापूर स्टेशनच्या मालधक्क्यावर टाकायचं. चढाचं त्यांना काही वाटत नसे. "चढ मानसाले दमवते, उतार मानसाले खाते," असं ते म्हणत. हे वाक्य त्यांनी फक्त ट्रकपुरतं ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

पण भाऊजी जिनासुद्धा उलटा उतरत. तोंड पायऱ्यांकडे, पाठ जगाकडे, आणि एकेक पाऊल चाचपत खाली. शेगावला दर्शनाला गेलो की लॉजवाल्याशी त्यांचा ठरलेला तंटा व्हायचा. तो बिचारा वरच्या मजल्यावरची खोली देऊ करी, वर वारा चांगला लागतो म्हणे. "वारा लागत असन, पन सकाळी उतराचं कोनं?" असं विचारून भाऊजी खालच्या कोंदट खोलीत डास मारत रात्र काढत, आणि त्यांच्यापायी आम्हीही. सायकल ते चढावर दामटत आणि उतार आला की खाली उतरून हातात धरून चालत. पाहणारे हसत, पण भाऊजींना त्याचं काही नसे. सुखाच्या गोष्टींचीही त्यांना अशीच धास्ती. माझं लग्न फार सुरळीत पार पडलं. ना कोणी रुसलं, ना जेवण कमी पडलं. सगळा मांडव खूश, आणि भाऊजी एकटे खांबाला टेकून चेहरा पाडून बसलेले. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाले, "गाडी लय हलकी चालून राह्यली बे. कुठंतरी उतार लागला असन." हे माझ्या बायकोनं ऐकलं, आणि ती ते आजतागायत विसरलेली नाही.

घाटमाथ्यावर इतर ड्रायव्हर हात जोडत आणि निघत. भाऊजी गाडी उभी करून खाली उतरत, अर्थात उलटे. प्रत्येक चाकाला थाप मारत, ट्रेलरचा आकडा हलवून बघत, मग वर चढून पहिला गियर टाकत आणि गियरचा दांडा खांद्यावरच्या उपरण्यानं सीटच्या लोखंडाला करकचून बांधत. उतारात ट्रेलर मागून ढकलतो. दांडा उसळून गियर निसटला तर गाडीला धरून ठेवणारं इंजिनच सुटतं, आणि नुसत्या पायातल्या ब्रेकला एवढा भार पेलवत नाही, तो तापून निकामी होतो. हे मला कोणीही सांगितलं असतं. भाऊजींचं कारण निराळं होतं. "दांडा सुटन म्हनून नाई बांधत. माहाच हात सुटन म्हनून बांधतो." कारण डिझेल वाचवायला बाकीचे सर्रास गाडी न्यूट्रलवर सोडून देत आणि बघता बघता खाली पोचत. भाऊजी पहिल्या गियरमध्ये घों घों करत इतके सावकाश येत, की एकदा एका बैलगाडीवाल्यानं मागून हाक मारून त्यांच्याकडे रस्ता मागितला होता म्हणतात. माझा यावर पूर्ण विश्वास आहे.

त्यांचं घर घाटाच्या पायथ्याशीच होतं. माथ्यावरून निघताना ते एक लांब हॉर्न देत, आणि माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, चुलीवर तवा ठेवी. मग तो घों घों सुरू होई, वळणाआड दबे, पुन्हा मोठा होई, आणि अक्काच्या भाकरी थापून होईस्तोवर गाडी दारात. तेवढ्या वेळात तिच्याशी बोलण्यात अर्थ नसे. मी खामगावहून तिच्यासाठी काय काय बातम्या घेऊन यायचो, आणि ही माझ्याकडे बघत घाटाचं ऐकत बसायची. एकदा मी चिडून बोललो, तेव्हा म्हणाली, "आवाज हाये तवर मानूस हाये रे."

अशात सेठनं ट्रकला एक नवा ब्रेक बसवून आणला. धुराच्या नळीत एक झडप आणि ड्रायव्हरच्या हाताशी ती ओढायची मूठ. ओढली की धूर आत कोंडतो, इंजिन घुसमटतं आणि गाडीला मागे खेचून धरतं. भाऊजींनी त्याचं नाव ठेवलं नरड्याचा ब्रेक. उताराला आणखी एक राखणदार मिळाला म्हणून माणूस खूश व्हायला हवा की नाही? भाऊजींना आणखी एक काळजी मिळाली. पहिल्यांदा तो वापरण्याआधी त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "माय, तुहं नरडं दाबाले सांगतलं हाये मले. राग नोको धरू." फिटरनं बजावलं होतं, की झडप बंद असताना क्लच दाबू नका, इंजिन बंद पडेल. हे त्यांनी इतकं घोकलं की अक्का सांगे, झोपेतही डावा पाय आखडून निजत.

त्या पहिल्या दिवशी मी अक्काकडेच होतो. माथ्यावर हॉर्न वाजला, तवा चढला, घों घों सुरू झाला. मग एकाएकी कोणाचा तरी गळा आवळल्यासारखी घरघर ऐकू आली. नव्या ब्रेकबद्दल भाऊजींनी घरी सगळं सांगितलं होतं. फक्त त्यानं आवाज बदलतो, हे सांगायचं राहिलं होतं. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "हे काय रे?" मी तोंड उघडायच्या आत ती घरघरही थांबली.

घाट गप्प झाला. अक्काच्या हातात थापलेली भाकरी तशीच राहिली, तव्यावरची जळायला लागली. "गाय आडवी आली असन," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला. धूर घरभर झाला तरी तिनं तवा उतरवला नाही, मलाही उतरवू दिला नाही. रस्त्यानं वर जाऊन बघावं म्हणून उठलो, तर तिनं माझा सदरा धरला. "नोको जाऊ. तू गेला तं मी एकटीच ऐकाले उरन."

किती वेळ गेला कोण जाणे. मग घरामागच्या पायवाटेवरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. ती वाट इतकी उभी, की बकऱ्यासुद्धा विचार करून उतरत. त्या वाटेनं भाऊजी येत होते. सुलटे, धावत, पायात वहाणा नाहीत, गुडघा फुटलेला. दारात येऊन चौकट धरली. छाती भात्यासारखी हलत होती. "हाये," म्हणाले, "मी हाये." मग तव्याकडे बघून, "भाकर जळाली वाट्टे."

अक्का रडली नाही. तिनं उघड्या हातानं ती कोळसा झालेली भाकरी तव्यावरून ओढून काढली आणि विचारलं, "हॉर्न काऊन नाई देल्ला तुमी?"

"हॉर्न म्हंजे माथा. मधातूनच वाजवला असता तं तुले वाटलं असतं, आपला मानूस आता माथ्यावर आला, मंग मधात गप झाला थो कोन? त्याच्यासाठी रडत बसली असती."

झालं होतं असं, की वळणावर ट्रेलरनं जरा जास्तच रेटलं, आणि घाबरून त्यांचा पाय नेमका क्लचवर गेला. इंजिन बंद पडलं. त्यांनी होते नव्हते ते ब्रेक आवळून गाडी डोंगराच्या अंगाला लावली, सगळ्या चाकांखाली दगड दिले, सोबतच्या म्हाताऱ्या क्लीनरला राखणीला बसवलं, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की खाली कोणीतरी ऐकतंय. अक्काच्या हातची ती जळकी भाकरी त्यांनी मिरचीच्या ठेच्याशी निमूट खाल्ली आणि पुन्हा घाट चढून गेले. गाडी अंधारायच्या सुमारास खाली आली. तोवर आम्ही दोघं चुलीपाशी बसून तो घों घों ऐकत होतो, आणि खरं सांगतो, त्याच्याइतका गोड आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाऊजी पुन्हा जिना उलटा उतरू लागले. मी पुष्कळदा त्यांना छेडी, "काय भाऊजी, त्या दिवशी उतार दिसला नाई काय?" ते ओशाळं हसत. एकदाच म्हणाले, "दिसला न. पन पाय बांधाले उपरनं कुठं होतं? थे गाडीतच राह्यलं."

आता भाऊजी नाहीत. घाटात नाही, घरात, अंथरुणावर गेले, त्यांच्या रीतीनं अगदी सावकाश. मी मधूनमधून अक्काकडे जातो. घाटात अजून ट्रक उतरतात, कोणी घाईनं, कोणी दमानं. एखाद्याचा आवाज मध्येच थांबला की अक्काचा पिठातला हात थांबतो. ती रस्त्याकडे बघत नाही, घरामागच्या पायवाटेकडे बघते. मी आता गाय आडवी आली असेल असं म्हणत नाही. आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहतो.