भिंतीवरची रिकामी जागा

"आई, बाजूला हो ना! मोजणी चालू आहे."

"फोटो काढताय? थांब, केस तरी सारखे करते."

"फोटो नाही गं, यंत्र आहे हे."

"मग तुझ्या यंत्राला सांग, म्हातारी नीट बसलीये."

आणि च्वांग सू-युनची आई कीलुंगच्या त्या चढाच्या गल्लीत, दाराशेजारच्या स्टुलावर, मांडीत शेंगांची टोपली घेऊन श्वास रोखून बसली. एरवी कॅमेरा दिसला की पाठ फिरवणारी बाई. पण हे लेकीचं यंत्र होतं. तिपाईवरचं लेझर गरगर फिरलं. गल्लीखालून सांडपाण्याची नवी नळी जाणार होती आणि पाऊस यायच्या आत वरची वळणं मोजायची होती.

"आ-युन, चहा तरी घे."

"पुढच्या वेळी, आई."

पुढच्या वेळी सू-युन आली ती आईच्या अंत्यविधीला. तिथे मांडायला ओळखपत्रावरचा जुना फोटो मोठा करावा लागला. त्यातली तरुण, रागीट बाई तिला आपली वाटेचना.

सू-युन तैपेईतल्या सल्लागार कंपनीत लागली तेव्हा नकाशे पारदर्शक कागदावर शाईने काढत, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडत. संगणक आले तेव्हा जुने इंजिनियर माऊस हवेत धरून म्हणत, "पोरी, हे चालत का नाही गं?" तिनेच त्यांना शिकवलं. पुढे इमारतीतला नळ तुळईवर आदळणार, हे काँक्रीट ओतायच्या आधीच ती पडद्यावर दाखवू लागली, तर "बाईंचा व्हिडिओ गेम" म्हणून हसले. हसणारे निवृत्त झाले आणि ती डिजिटल विभागाची प्रमुख झाली. नववर्षाच्या आदल्या रात्रीचं जेवण मात्र चुकत राहिलं, कारण निविदा नेमक्या तेव्हाच भरायच्या असत. आई तिचा वाडगा मांडायची आणि जेवणं झाली की तसाच उचलायची.

सुतकाची रजा संपवून सू-युन कामावर आली ती थेट लिआओ बो-हानच्या टेबलाशी. मोजणीला तो गेला नव्हता. मोजणी साफ करायचं काम त्याचं.

"कीलुंगची मूळ मोजणी उघड रे."

"मूळ कुठली आता, ताई? सफाई तपासून झाली की मूळ आपोआप पुसली जाते. तुमचाच नियम."

नियम तिचाच होता. लेझरचा किरण जिथे आदळेल तिथे एक ठिपका. अशा कोट्यवधी ठिपक्यांतून गल्ली उभी राहते. त्यात माणसं, कुत्री, वाळत घातलेले कपडे आले की तो कचरा. नव्या पोरांना ती स्वतः सांगायची, "आपल्याला भिंत हवी. भिंतीसमोरचं माणूस नको."

"एखादी प्रत राहिली असेल."

"यंत्राने गुणी राहावं म्हणून सर्व्हरवर खाऊची हिरवी पुडी ठेवतो ना आपण, तिची मुदत उलटली असती, तर पुसायचं राहिलं असतं एखादवेळेस," बो-हान हसला. "पण तुम्ही दर वेळी ताजी पुडी ठेवता ना! मग यंत्र बिचारं शहाण्यासारखं वागतं. काय हवं होतं?"

"दाराशी एक म्हातारी बसली होती. शेंगा निवडत."

"ती होय! अहो, दुपार खाल्ली तिने माझी. इतकी स्तब्ध बसलेली, की संगणक तिला भिंतीचाच भाग समजत होता. हाताने काढावी लागली, थोडी थोडी करून."

त्याच्या खांद्यावर हात ठेवून सू-युनने साफ केलेली प्रत उघडायला लावली. गल्ली चढत गेली, दार आलं. दाराशेजारच्या भिंतीत भोक होतं. किरण आईपाशीच अडला होता आणि तिच्यामागच्या विटा कधी मोजल्याच गेल्या नव्हत्या. खाली टोपलीचा गोल, वर उतरते खांदे, डोक्यावर नुकताच सारखा केलेला छोटासा अंबाडा.

"अरे, हे राहिलंच," बो-हान म्हणाला. "आज पाठवायचंय. लगेच भरतो."

"तू जेवून घे. मी भरते."

तो गेल्यावर ती त्याच्या खुर्चीत बसली. प्रत काढून घरी न्यावी असं वाटलं तिला. पण प्रतीत तरी काय असणार होतं? आई नव्हे, आई नसलेली जागा. ती घरी होतीच. आणि तिने हे तसंच सोडलं असतं, तर दुसऱ्या कुणीतरी कॉफी पीत पीत भरून टाकलं असतं.

तिने पडद्यावर शेजारच्या विटांची नक्कल उचलली. आधी टोपली भरली, मग मांडी, मग खांदे. अंबाड्यापाशी हात थांबला. बाहेर डबे उघडल्याचे आवाज येत होते, कुणीतरी हसत होतं. मग तिने तेही भरलं.

काम नेहमीसारखं चोख झालं होतं. जोड कुठे आहे, ते तिलाही शोधून सापडेना.