आत्याबाईंचा पाय खाली आलाच नाही

नमस्कार मंडळी. या सदरातले अनुभव मी सकाळच्या चहासोबत वाचते आणि नवऱ्याला वाचून दाखवून हसते, हे आधीच सांगून ठेवते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मांजर आडवं गेलं तर मी मांजराची चौकशी करते, रस्ता बदलत नाही. त्यामुळे मी इथे लिहायला बसले हे बघून प्रशांत — माझा नवरा — पलीकडे बसून गालातल्या गालात हसतो आहे. हसू दे बापडा. हसायला तो आहे, तेवढं मला पुरे.

तर आमच्या आत्याबाई. प्रशांतची सख्खी आत्या, वय सत्तरीच्या पुढे. टेलिफोन ऑफिसात नोकरी केली, आता गांधीबागेत कापड बाजाराच्या मागे एकट्या राहतात. कडक इस्त्रीची सुती साडी, ताठ मान आणि जीभ अशी की भाव सांगताना व्यापारीसुद्धा दोनदा विचार करतात. मला त्या पहिल्या भेटीपासून आवडल्या... आणि थोड्या घाबरवतातही.

आत्याबाई पायाळू आहेत. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. अशा माणसानं दुखऱ्या पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आपल्याकडे मानतात. रविवारी सकाळी आत्याबाईंच्या दाराशी बाजारातले दोन-चार हमाल हमखास असायचे. गठ्ठा उचलताना कोणाची पाठ धरलेली, कोणाला बरगडीत चमक. गंमत म्हणजे आत्याबाईंचा स्वतःचा यावर काडीचा विश्वास नव्हता.

"मले काही पटत नाही हे, बरं का गा. पण आलाच आहेस तर पड पालथा!" असं म्हणून त्या टाच टेकवायच्या. त्याआधी मात्र उलटतपासणी — ताप आहे का, खोकला आहे का, कुठं पडला होतास का. उत्तर खटकलं की थेट दवाखान्यात पिटाळायच्या. बाकीचे हसत, कंबर हलवत घरी जायचे. मी आपली म्हणायचे, स्नायू आखडला असेल, तो तसाही मोकळा झालाच असता.

आता मुद्द्याचं. यंदाच्या हिवाळ्यात प्रशांत रामटेकला गडाच्या पायऱ्यांवरून घसरला. घोट्याचं हाड मोडलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मग काय, साहेब दिवसभर दिवाणावर आडवे, हातात मोबाईल आणि "जरा पाणी दे गं". प्लास्टर निघायला थोडेच दिवस उरले होते आणि त्याच्या उजव्या बरगडीत दुखायला लागलं. एरवी काही नाही, पण खोल श्वास घेतला की सुई टोचल्यासारखी कळ. हसला तरी कळ, शिंकला तरी कळ.

सगळ्यांनी आपापलं निदान केलं. शेजारच्या काकू म्हणाल्या गॅस आहे, ओवा द्या. सासूबाई फोनवर म्हणाल्या, थंडी भरली, शेक दे. आणि मी, एवढी शिकलेली, मी ठरवलं की वॉकरवर सगळं वजन टाकून चालतो म्हणून बरगडीचा स्नायू ओढला गेला. बाम चोळला. गरम पाण्याची पिशवी दिली. सोमवारी हाडाच्या डॉक्टरकडे जायचंच होतं, तेव्हा विचारू म्हटलं.

रविवारी सकाळी प्रशांतच म्हणाला, "आत्याला बोलाव. फुकटचा डॉक्टर आहे घरात." मला हसू आलं. मी फोन केला. म्हटलं, होऊन जाऊ दे, निदान गप्पा तरी होतील.

आत्याबाई ऑटोनं आल्या. चपला काढल्या काढल्या उलटतपासणी सुरू. ताप नाही. खोकला नाही. पडला — पण तो रामटेकला, आणि बरगडीला काही लागलं नव्हतं. प्रशांत कसाबसा पालथा झाला. दिवाण तसा बुटका आहे. आत्याबाईंनी खिडकीची जाळी धरली, पदर खोचला आणि पाय उचलला.

आणि पाय तिथेच राहिला.

मी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांची प्लेट घेऊन उभी. मला वाटलं नाटक करतात.

"काय झालं हो आत्याबाई?"

"खाली येऊन नाही राहिला वं."

"गोळा आला का पायात?"

"नाही ना! धरला आहे..." आत्याबाईंचा आवाज कधी कापत नाही. त्या दिवशी कापला. "मेघा, माझा घोटा धरला आहे कोणी तरी."

त्यांनी जोर लावला, तोल गेला, मी धावत जाऊन सावरलं तेव्हा कुठे पाय जमिनीवर आला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच, प्रशांतच्या पाठीच्या वीतभर वर पाय अडकला. मला दिसत होतं हो... त्या खाली रेटत होत्या, मांडी थरथरत होती आणि पाय हलत नव्हता. खाली काहीही नव्हतं. नुसती हवा.

दुसरं कोणी असतं तर अंगारा-धुपारा काढला असता. आमच्या आत्याबाईंनी काय केलं सांगू? पदर सोडला आणि प्रशांतला म्हणाल्या, "उलटा हो गा. बोल माझ्याशी. सकाळी काय खाल्लं?"

"चहा... टोस्ट... आत्या, अगं..." तीन शब्दांत त्याला दम लागला. मला ते आठवडाभर दिसलं नव्हतं. घरात असल्यावर कोण कोणाला एवढं पूर्ण वाक्य बोलायला लावतं!

"ही उसण नाही. दवाखान्यात चाला."

"उद्या जायचंच आहे की," मी म्हटलं.

"उद्या काहून? आजचा दिवस जास्तीचा झाला का तुले?" अशा ओरडल्या की शेजारचं दार उघडलं. लिफ्ट नाही आमच्याकडे. शेजाऱ्यांनी प्रशांतला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली उतरवला आणि आत्याबाई पुढे चालत "हळू, हळू गा, भिंतीले लागेल" करत राहिल्या.

दवाखान्यात स्कॅन झाला. फुप्फुसात रक्ताची गुठळी. पाय प्लास्टरमध्ये हालचालीविना पडून होता, तिथे पोटरीत गुठळी झाली आणि वर सरकली. डॉक्टर तरुण होते, शांतपणे सांगत होते. श्वास घेताना बरगडीत दुखतं ते बहुतेक वेळा साधंच असतं, म्हणाले. स्नायू ओढला जातो, बरगडीच्या कूर्चेला सूज येते, कधी न्यूमोनिया, कधी फुप्फुसाच्या आवरणाला सूज. पण पाय प्लास्टरमध्ये असेल आणि दम लागत असेल, तर एक तासही घरी थांबायचं नाही. "उद्या आणलं असतं तर..." एवढं बोलून ते फाईल बघायला लागले.

बाहेर बाकावर आत्याबाई घोटा चोळत बसल्या होत्या. मी वाकून पाहिलं. एका बाजूला चार लाल वळ, दुसऱ्या बाजूला एक आडवा. शंका काढणं माझं कामच आहे, तर मी माझी बोटं त्यावर ठेवून पाहिली. जुळली नाहीत. पंजा माझ्यापेक्षा बराच मोठा होता. खोलीत आम्ही तिघंच होतो, आणि प्रशांत पालथा पडलेला.

"दुखतं का हो?"

"नाही वं. पकड घट्ट होती... पण मारायची नव्हती. लेकराले रस्त्यावरून मागं ओढते ना, तशी."

संध्याकाळपर्यंत वळ गेले. प्रशांत काही दिवस अतिदक्षता विभागात होता, रक्त पातळ करायची औषधं घेत घरी आला, आता चालतो, भांडतो, आणि माझं लिहिलेलं वाचून हसतो. मी पायाला गोळा येण्यापासून मनाच्या खेळापर्यंत सगळं तपासून पाहिलं. वळांचं उत्तर एकातही नाही. डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, पाय लावला असता तरी गुठळीला काही झालं नसतं.

हे मी आत्याबाईंना सांगायला गेले, म्हटलं 'पाय टेकला असता तर' हे त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. दारात एक हमाल बरगडी धरून उभा होता आणि आत्याबाई त्याला पाय लावायला साफ नाही म्हणत होत्या. आधी डॉक्टर, मग पाय. तो कुरकुरत गेला.

"आत्याबाई, आता तर लोक तुम्हाला देवीच समजतील. मग नाही काहून म्हणता?"

त्या म्हणाल्या, "माझ्या पायानं लोकाले बरं वाटते ना वं... तेच भेव आहे. प्रशांतलेही वाटलं असतं. तो बरं वाटून घरी झोपला असता, अन् मी पोहे खाऊन घरी आली असती."

त्यांनी साडी खाली ओढून घोटा झाकून घेतला.

"त्या दिवशी कोणी तरी धरला. दर वेळेस धरंल काय?"