समुद्राकाठी वाळत घातलेली कुंची

मी भरतीच्या वाटेत कपडे वाळत घातले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर दगडही ठेवले. पाण्याचा विचार मनाला शिवला नाही. आम्ही रहाटणीचे. आमची पवना पावसाळ्यात चढते आणि मग आठ महिने आपली खाली मान घालून वाहते. वर ढग नसताना पाणी आपोआप चढून येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. ज्यांच्या वाडीत उतरलो होतो त्या म्हाताऱ्या बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "राहुटी वर नारळीत ठोका, खाली नको. पाणी वर येतं." मला वाटलं, बाबा आपल्या समुद्राचं कौतुक सांगतायत. अठरा वर्षांची होते मी, आणि मला सगळं कळत होतं.

पिंपरीला कारखाना निघून दोन-तीन वर्षं झाली होती. आमचे हे तिथे सायकलवर जात. त्यांच्या जोडीला काम करणारा एक जण अलिबागकडचा, त्याच्या वडिलांची ती वाडी. देहूरोडच्या जुन्या बाजारातली एक लष्करी राहुटी, एक स्टोव्ह आणि एसटीच्या टपावर बांधलेली सायकल घेऊन चौघं निघालो: आम्ही दोघं, थोरले दीर आणि जाऊ. चार दिवस हवापालट.

हवा पालटायची होती ती जावेची. तिचा आठ महिन्यांचा मुलगा तापाने गेला त्याला वर्ष होत आलं होतं. गेलेल्या बाळाचे कपडे आमच्यात घरात ठेवत नाहीत. बाकी सगळे गेले, पण हिरव्या खणाची एक कुंची तिने ठेवून घेतली. सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, वर्षभर गप्प राहिल्या आणि निघताना सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ती समुद्राला देऊन ये. तेवढी जाऊ दे, मंग फुडचं बगू." जावेने कुंची बोचक्यात बांधून घेतली. द्यायची की परत आणायची, ते तिचं तिला ठरवायचं होतं. रोज सकाळी ती बोचकं काखेत मारून पाण्याच्या कडेने लांबवर चालत जाई आणि तसंच परत आणी. दीर चार पावलं मागून.

तिसऱ्या रात्री दहिवराने राहुटी गळली आणि बोचकं भिजलं. सकाळी ते खांबाला टेकवून ती रिकाम्या हातांनी फिरायला गेली.

मी विहिरीवर धुणं उरकलं. घाई होती, कारण ह्यांनी कडक ओल्या वाळूवर सायकल शिकवायचं कबूल केलं होतं. रहाटणीत नऊवारीतली सून सायकलवर दिसती तर अख्खा गाव गोळा झाला असता. जाताजाता ते ओलं बोचकं दिसलं. म्हटलं, आतली कुंचीही वाळवावी, जावेला बरं वाटेल. सगळं उघड्या वाळूवर पसरलं. माझं नवं लुगडं तेवढं वाडीत सावलीला टाकलं, उन्हाने रंग विटेल म्हणून.

सायकल छान चालली, तेही सांगायला हवं. हे कॅरियर धरून पळत होते, "हँडलकडं बघू नको, पुढं बघ." मी, "सोडलंत ना, खरं सांगा, सोडलंत ना," करत पार खडकापर्यंत गेले. चार वेळा पडले. हसून हसून पोट दुखलं. परतलो तेव्हा कपड्यांच्या जागी गुडघाभर पाणी. मी लुगड्यासकट आत शिरले आणि दगड चाचपायला लागले. दगड सापडले की कपडे सापडतील, अशी माझी खात्री होती.

ओहोटीला दिरांचं धोतर मिळालं, माझं एक पोलकं मिळालं. कुंची नाही.

जावेने एकच विचारलं, "घडी घालून ठिवलीवती का पसरून?"

"पसरून," म्हटलं, आणि मी जो गळा काढला तो काही थांबेना. हे पाणी पाजतायत. दीर म्हणतायत, "आसू दे, पोरी." बाबांनी शहाळं फोडून आणलं, तेही मलाच. जिचं गेलं ती माझ्या पाठीवरून हात फिरवत बसलेली, आणि मी तो फिरवून घेत होते. पुढे स्वतःच्या लेकराची कुंची शिवायला बसले तेव्हा सुई मध्येच थांबली आणि तो हात आठवला.

शेवटच्या दिवशी ती उजाडताच पाण्याच्या कडेने जाऊन आली. खाली बघत गेली, खाली बघतच परतली. पुरुष सायकल बांधायला रस्त्यावर गेले होते. आम्ही दोघी राहुटीचं कापड दोन टोकांना धरून घडी घालत होतो, आणि मी पुन्हा मुसमुसायला सुरुवात केली होती. कापडाच्या पलीकडून ती हळूच म्हणाली,

"आत्याबाईंस्नी सांग, मीच सोडली माज्या हातानं. तू बगितलंस. आन् आता तू जरा गप ऱ्हा, बाई. मला रडू दे."