दर खांबाला एक वाक्य

मेहरूण तलावावर सकाळी फिरताना नऊवारीतल्या एक अक्का रोज दिसायच्या. विजेच्या प्रत्येक खांबाला हात लावून जर्मनमधलं एक वाक्य पुटपुटायच्या. अडल्या की मागच्या खांबापासून पुन्हा सुरुवात. एकदा मी अर्थ विचारला.

"कोठे दुखस? पानी देऊ का? पाठ चोळू का?"

मुलगा जर्मनीत, सून तिथलीच. तिच्या बाळंतपणाला अक्का जाणार होत्या.

"सुनेला मराठी येत नाही का?"

"येस ना भाऊ. पण कळा येतीन तवय ती तिनी मायनी भाषामाच रडी."

आणि त्या पुढच्या खांबाकडे निघाल्या.

मी वीस वर्षं इंग्रजीत नोकरी केली. त्या भाषेत कुणाला 'कुठं दुखतंय' म्हणून एकदाही विचारलं नाही.