मार्गरेटनं काळे केलेले रकाने

ब्रॅकनेलहून शेजारणीचा फोन आला तेव्हा मी रीडिंगला क्लिनिकमध्ये होते. माझ्या सासूबाई, मार्गरेट, दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. त्र्याण्णव वर्षांच्या होत्या. त्याला आता आठ आठवडे झाले…

लग्नानंतर कितीतरी वर्षं मला वाटायचं, या बाईंचा माझ्यावर संशय आहे. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, तुझी कागदपत्रं कोणाकोणाकडे आहेत? पुण्याहून आलेली डॉक्टर, व्हिसावरची… आपल्या मुलाला हिनं गळाला लावलं, असं त्यांना वाटतंय हे मी मनात पक्कं केलं. मग मीही त्यांच्याकडे तशीच पाहू लागले. बालपणाबद्दल विचारलं की ‘लीड्स’ एवढंच उत्तर. घरात एकही जुना फोटो नाही. अ‍ॅलन, माझा नवरा, म्हणायचा, मम अशीच आहे.

आमच्या लेकीच्या, मीराच्या शाळेचा फॉर्म मी त्यांच्या टेबलाशी बसून भरला. चहा करून परत येते तर वंश आणि धर्माचे रकाने पेनानं गिरवून काळे केलेले. सावळ्या नातीची यांना लाज वाटते, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी फक्त पेनाला टोपण लावलं. मी पाच महिने तिकडे फिरकले नाही.

मग एका रविवारी त्या एकट्या ट्रेननं आमच्याकडे आल्या. कोटही न काढता म्हणाल्या, “असाच कागद माझ्या वडिलांनी भरला होता, व्हिएन्नात. खरंखरं, सुवाच्य अक्षरात. नाझी आले तेव्हा त्यांना आमचा पत्ता कोणाला विचारावा लागला नाही.”

त्या ज्यू होत्या. युद्धाआधी, सात वर्षांच्या असताना, निर्वासित मुलांच्या गाडीतून एकट्या इंग्लंडला आल्या. आईवडील मागे राहिले ते कायमचे. लीड्सला ज्यांनी सांभाळलं त्यांनी ग्रेटेची मार्गरेट केली. अ‍ॅलनलाही हे सगळं तेव्हाच कळलं. तो सिंकचा नळ सुरू ठेवून कितीतरी वेळ पाठमोरा उभा होता.

मी माफी मागितली. “तू चांगली आहेस,” त्या म्हणाल्या, “पण कागद पुढे कोणाच्या हातात जाईल, ते तुझ्या हातात नाही.”

मीरानं पुढे आजीकडून व्हिएन्नातल्या नातलगांचं एकेक नाव काढून घेतलं. युनिव्हर्सिटीत ती स्वतःला मराठी आणि ज्यू म्हणवते, अगदी उघडपणे. आजीला त्याचा अभिमान होता की धास्ती, मला अजून सांगता येत नाही. कोणाकोणाला सांगितलंस, एवढंच त्या विचारायच्या.

गेल्या शनिवारी त्यांचं घर आवरायला गेलो. त्यांची जेवणाची खुर्ची कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून होती. मीरा तिच्यावर बसली आणि मान वळवून एकेक दार पाहू लागली.

“आई, इथून पुढचा दार, मागचा दार, गेट… सगळा दिसतो,” ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. “हा खुर्ची मला पाहिजे.”

आता ती खुर्ची आमच्या स्वयंपाकघरात आहे. कुठे ठेवायची ते मीरानंच ठरवलं. परवा पोस्टमन बेल वाजवून पार्सल दारात ठेवून गेला. मी त्या खुर्चीवरच बसले होते… तो गेटबाहेर पडून दिसेनासा होईपर्यंत मी उठले नाही.